तुलना आणि गणना : आरोग्य-संशोधनातील स्त्री-पुरुषविचार

मराठी व्याकरणाचा पहिला धडा गिरवणाऱ्या मुलाला 'तो', 'ती', 'ते' ही तीन सर्वनामे प्रथम शिकवली जातात. दगड पुल्लिंगी का, भिंत स्त्रीलिंगी का आणि घर नपुंसकलिंगी का, या प्रश्नाचे उत्तर गुरुजींपाशीही नसते. रूढी हेच त्याचे उत्तर. व्याकरणातले लिंग वस्तूच्या ठायी नसून भाषेच्या वहिवाटीत असते, हे आपण सारे जाणतो. माणसाच्या बाबतीत मात्र ही जाण आपण सहज विसरतो. देहाने काय दिले आणि वहिवाटीने काय लादले, हे निवडून पाहण्याची सवय आपल्याला नाही. आपल्या भाषेतही या दोहोंसाठी दीर्घकाळ 'लिंग' हा एकच शब्द होता. अलीकडच्या काही दशकांत 'लिंगभाव' हा दुसरा शब्द रुळला, आणि देहभेद व समाजभेद यांचा वेगळा विचार करणे मराठीत सुकर झाले. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. वैद्यकाच्या क्षेत्रात या दोन शब्दांच्या सरमिसळीने माणसांच्या जिवाशी गाठ पडते. ती कशी, आणि ती टाळण्यासाठी संशोधकांनी कोणती मापे सिद्ध केली आहेत, याचे यथामति विवेचन करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष-तुलना' हे पुस्तक 1882 साली प्रसिद्ध झाले. स्त्रीला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, हा त्यांचा सवाल होता. त्यानंतर चारच वर्षांनी, 1886 साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. तुलनेची मागणी करणारी स्त्री आणि वैद्यक शिकणारी स्त्री, दोघीही आपल्याकडे एकाच दशकात उभ्या राहिल्या. परंतु खुद्द वैद्यकाने अशी तुलना आपल्या संशोधनात करावी, यासाठी जगाला आणखी शंभर वर्षे वाट पाहावी लागली.

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी एका दुर्घटनेकडे वळले पाहिजे. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे व मळमळीवरचे औषध विक्रीस आले. ते निर्धोक समजून गर्भवती स्त्रियांनाही दिले गेले. 1961 अखेर ते मागे घेतले जाईपर्यंत दहा हजारांहून अधिक मुले हातापायांची व इतर व्यंगे घेऊन जन्मास आली होती. या घटनेचा धसका वैद्यकाने घेतला हे योग्यच झाले. पण त्यातून घेतलेला धडा मात्र विचित्र होता. औषधांची परीक्षा अधिक काळजीपूर्वक करावी, एवढ्यावर न थांबता स्त्रीलाच परीक्षेबाहेर ठेवावे असा कल वाढला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1977 साली असा दंडक घातला की, मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना नव्या औषधाच्या प्रारंभीच्या चाचण्यांत घेऊ नये. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की, जे औषध पुढे स्त्रियाही घेणार, त्याची मात्रा पुरुषांच्या देहावरून ठरू लागली. परीक्षेत जो धोका टाळला, तो घरोघरी वाटून दिला, असेच म्हणावे लागते. हा दंडक 1993 साली मागे घेण्यात आला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत सरकारी साहाय्याने चालणाऱ्या रुग्णसंशोधनात स्त्रियांचा व अल्पसंख्य समाजांचा समावेश कायद्याने आवश्यक करण्यात आला.

या अभावाचे मोल काय, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. अमेरिकेतील 22,071 डॉक्टरांवर अ‍ॅस्पिरिनचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात सारे पुरुषच होते. 1989 साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचे प्रमाण 44 टक्क्यांनी घटले. तेव्हा हा लाभ स्त्रियांनाही होईल असे गृहीत धरणे स्वाभाविक होते. पुढे 39,876 स्त्रियांवर तसाच अभ्यास झाला आणि 2005 साली त्याचे फळ हाती आले. एकंदर स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण लक्षणीय घटले नव्हते. घटला होता तो मेंदूचा झटका, 17 टक्क्यांनी. 65 वर्षांपुढील स्त्रियांत मात्र हृदयालाही लाभ दिसला. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दोन्ही अभ्यासांत औषधाची मात्रा सारखी नव्हती. स्त्रियांना दिलेली मात्रा कमी होती. म्हणून हा सारा फरक देहभेदाचाच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. स्त्री-पुरुषांना एकाच अभ्यासात, एकाच मात्रेवर आणि पुरेशा संख्येने का घ्यावे, याचे याहून चांगले कारण शोधण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण झोल्पिडेम या झोपेच्या औषधाचे. अमेरिकेत त्याला 1992 साली मान्यता मिळाली होती. स्त्रियांच्या शरीरातून ते अधिक सावकाश बाहेर पडते, आणि सकाळी मोटार चालवताना गुंगी राहण्याइतके रक्तात शिल्लक असू शकते, या कारणास्तव 2013 साली तेथील प्रशासनाने स्त्रियांसाठीची मात्रा 10 मिलिग्रॅमवरून 5 मिलिग्रॅम, म्हणजे निम्मी केली. वीस वर्षे लक्षावधी स्त्रियांनी दुप्पट मात्रा घेतल्यानंतर ही दुरुस्ती झाली.

हा दोष केवळ रुग्णांच्या निवडीत नाही. तो प्रयोगशाळेतील उंदरापासून सुरू होतो. 2009 सालच्या शोधनिबंधांची एक छाननी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, मज्जासंस्थेच्या संशोधनात केवळ नर वापरलेले प्रयोग केवळ मादी वापरलेल्या प्रयोगांच्या साडेपाच पट होते. मादीच्या ऋतुचक्रामुळे प्रयोगाची आकडेवारी अस्थिर होते, अशी त्याची समजूतवजा सबब होती. 2014 साली कित्येक प्रयोगांची आकडेवारी एकत्र पडताळली, तेव्हा मादी उंदरांची मोजमापे नरांहून अधिक डळमळीत नसतात असेच दिसून आले. समजूत जुनी होती. तिला पुरावा नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संशोधन न्याय्य आहे की नाही, हे मोजावे कसे? याच्या तीन पायऱ्या आहेत असे आम्हांस वाटते.

पहिली पायरी शिरगणतीची. संशोधनात किती स्त्रिया व किती पुरुष घेतले, हे सांगणे. हे सोपे वाटते, पण नुसत्या संख्येवरून निष्कर्ष निघत नाही. समजा, एखाद्या अभ्यासात शंभरांपैकी वीस स्त्रिया आहेत. हे प्रमाण कमी की पुरेसे? तो रोग समाजात कोणाला किती होतो, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्या रोगाच्या शंभर रुग्णांत चाळीस स्त्रिया असतील, तर वीसला चाळीसने भागावे. उत्तर अर्धा येते. हा भागाकार एकच्या जवळपास, साधारणपणे 0.8 ते 1.2 या मर्यादेत असेल, तर सहभाग रोगाच्या प्रमाणात आहे असे मानतात. त्याहून खाली गेल्यास स्त्रिया वगळल्या गेल्या असे समजावे. एवढ्या साध्या त्रैराशिकाने पुष्कळ झाकलेले उघडे पडते.

दुसरी पायरी पृथक्करणाची. स्त्रिया घेतल्या, पण निष्कर्ष सर्वांचा एकत्र सरासरी काढून दिला, तर त्यांना घेऊन न घेतल्यासारखेच झाले. एकाला लाभ आणि दुसऱ्याला अपाय झाला, तरी सरासरीत दोन्ही बुडून जातात. यासाठी शास्त्रीय नियतकालिकांच्या संपादकांच्या युरोपीय संघाने 2016 साली 'सेजर' या नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. निबंधाच्या शीर्षकापासून निष्कर्षापर्यंत स्त्री-पुरुषांची आकडेवारी वेगळी द्यावी, आणि फरक आढळला नसेल तर तेही नमूद करावे, असा त्यांचा आग्रह आहे.

तिसरी पायरी सर्वांत अवघड. ती लिंगभावाच्या मापनाची. देहाने स्त्री की पुरुष, हे नोंदणे सोपे. परंतु समाजाने त्या माणसाच्या वाट्याला कोणते जिणे दिले, हे कसे मोजावे? कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासात याचे उत्तर शोधण्याचा यत्न झाला. हृदयविकाराचा झटका आलेल्या 18 ते 55 वर्षे वयाच्या स्त्री-पुरुषांना त्यांनी प्रश्न विचारले: घरात मुख्य कमाई कोणाची? स्वतःचे उत्पन्न किती? घरकामाची जबाबदारी कोणावर, आणि त्यात किती तास जातात? घरातील ताण किती? याला स्वभावविषयक प्रश्नांची जोड देऊन प्रत्येकाला शून्य ते शंभर यांमधील एक अंक देण्यात आला. 2016 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. वर्षभरात पुन्हा हृदयविकार उद्‌भवण्याचा संभव देहाने स्त्री असण्याशी निगडित नव्हता. समाजाने परंपरेने स्त्रीच्या माथी मारलेले जिणे ज्यांच्या वाट्याला अधिक, त्यांच्यात तो अधिक होता, मग ते देहाने पुरुष का असेनात! घरकामाचे तास आणि ताण हेही नाडीइतकेच मोजण्याजोगे असतात, हे या अभ्यासाने दाखवले.

वाचक म्हणतील, हे सारे परदेशातले झाले; आपल्याकडचे काय? आपल्याकडची दोन उदाहरणे तर आम्हांस याहून मोलाची वाटतात.

पहिले गडचिरोलीचे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी वा गुप्तरोगांपैकी एक किंवा अधिक विकार होते. सरासरीने एकेका स्त्रीला 3.6 विकार. यापूर्वी अशी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. तक्रार सांगणाऱ्या होत्या 55 टक्के. म्हणजे ज्यांनी काहीच सांगितले नाही, त्यांच्यातही बहुतेकींना रोग होताच. तोवर स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन एवढाच अर्थ सरकारदरबारी प्रचलित होता. इस्पितळाच्या नोंदवह्या पाहून रोग मोजले असते, तर या स्त्रिया निरोगीच ठरल्या असत्या. कारण त्या इस्पितळात आल्याच नव्हत्या. मापन घरापर्यंत गेले तेव्हाच दुखणे दिसले.

दुसरे उदाहरण बेळगावचे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातृमृत्यूचे एक प्रमुख कारण. तो रोखणारी इंजेक्शने थंड ठेवावी लागतात आणि टोचणारे कुशल हात लागतात. खेड्यातल्या बाळंतिणीच्या खोलीत दोन्ही दुर्मिळ. मिसोप्रोस्टॉल ही साधी गोळी तेथे उपयोगी पडेल काय, हे पाहण्यासाठी बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 1,620 स्त्रियांवर एक अभ्यास झाला. गोळी देण्याचे काम सहायक परिचारिकांनी, म्हणजे खेड्यात प्रत्यक्ष बाळंतपण करणाऱ्या बायांनीच केले. 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

या अभ्यासातील आणखी एक गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. रक्त किती गेले, हे पूर्वी नजरेच्या अंदाजाने सांगत. बेळगावला बाळंतिणीखाली अंथरावयाची, मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची थैली वापरण्यात आली. नजरेचा अंदाज या थैलीतल्या मापापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरतो, असे तेथीलच एका पडताळणीत आढळले. स्त्रीच्या वाहून गेलेल्या रक्ताचा तिसरा हिस्सा जगाच्या हिशेबातच नव्हता, असा याचा सरळ अर्थ! गर्भवतीला संशोधनाबाहेर ठेवणे हेच तिचे संरक्षण, असे मानणाऱ्यांना सीमाभागातील या खेड्यांनी दिलेले हे उत्तर आहे.

परंतु वैविध्य केवळ स्त्री-पुरुषांचे नसते. वंश, देश, जात, वय, वर्ण यांचाही विचार त्यात येतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा देहभारांक दोघांचाही एकच, 22.3. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के भरली! गोऱ्या देहावरून सिद्ध झालेल्या मापाने भारतीय माणूस सडपातळ ठरतो आणि मधुमेह मात्र त्याला गाठतो. बोटाला चिमट्यासारखे लावून रक्तातील प्राणवायू सांगणारे उपकरण करोनाच्या साथीत घरोघरी पोहोचले. 2020 साली अमेरिकेत दिसून आले की, उपकरण पुरेसा प्राणवायू दाखवीत असता तो प्रत्यक्षात धोकादायक कमी असण्याचा प्रकार गौरवर्णीय रुग्णांत 3.6 टक्के नोंदींत, तर कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के नोंदींत घडत होता. यंत्राला पक्षपात ठाऊक नसतो हे खरे. पण त्याला कोणाच्या कातडीवर पारखले, यावर त्याचा न्याय अवलंबून राहतो.

आमच्या व्याकरणाने तिसऱ्या लिंगाला स्थान दिले, पण जनगणनेने ते द्यायला 2011 साल उजाडले. त्या वर्षी प्रथमच स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' हा वेगळा संकेतांक आला आणि 4,87,803 जणांची नोंद त्याखाली झाली. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. जन्मवेळी नोंदवलेले लिंग कोणते आणि आज ती व्यक्ती स्वतःला काय मानते, असे दोन प्रश्न वेगळे विचारावेत, अशी शिफारस अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने 2022 साली केली. एका प्रश्नाच्या जागी दोन विचारले, एवढ्यानेच जी माणसे आकड्यांत नव्हती ती आकड्यांत येतात.

येथे दोन इशारे देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पहिला असा की, मापनपट्टीही तपासून घ्यावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया आणि 25 टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. हे आकडे सर्वश्रुत आहेत. पण दोघांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत, हे थोड्यांनाच ठाऊक असते. रक्ताच्या दर डेसिलिटरमागे 13 ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असलेला पुरुष रक्तक्षयी. गर्भवती नसलेली स्त्री मात्र 12 ग्रॅमच्या खाली गेल्यावरच. म्हणजे पट्टी खाली उतरवूनही स्त्रियांचा आकडा दुपटीहून अधिक. शिवाय याच पाहणीच्या पहिल्या दोन फेऱ्यांत, 1992-93 व 1998-99 मध्ये, केवळ विवाहित वा एकदा विवाह झालेल्या स्त्रियांनाच प्रश्न विचारले होते. अविवाहित स्त्रिया आणि पुरुष 2005-06 च्या फेरीत आले. मंगळसूत्र असेल तरच आरोग्य मोजायचे, असा तो अप्रत्यक्ष नियम होता.

दुसरा इशारा अधिक गंभीर आहे. समावेश म्हणजे न्याय नव्हे. अमेरिकेतील टस्कीगी येथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास चालला. रोग असलेले 399 आणि नसलेले 201, सारे गरीब. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही रोग्यांना ते दिले नाही. रोगाची गती पाहण्यासाठी त्यांना तसेच ठेवले. शिरगणतीच्या पट्टीवर हा अभ्यास निर्दोष भरेल, इतका त्यात कृष्णवर्णीयांचा 'सहभाग' होता! म्हणून किती जण घेतले, या प्रश्नाच्या जोडीला त्यांना विचारले काय, सांगितले काय आणि फळ कोणाच्या पदरात पडले, हे प्रश्न नेहमी उभे राहिले पाहिजेत.

हा विषय साहित्याच्या नियतकालिकात कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात आली असेल. आमचे उत्तर असे की, आरोग्याचे पुष्कळसे मापन शेवटी शब्दांनीच होते. पाहणी करणारी मुलगी उंबरठ्यावर बसून विचारते, आणि आतली बाई उत्तर देते. तिला 'योनिस्राव' हा शब्द कळत नाही. 'अंगावर पांढरे जाते का' असे विचारले की ती इकडेतिकडे पाहून हळूच मान हलवते. छातीतल्या कळेला ती 'पित्त' म्हणते, थकव्याला 'काही नाही, असंच' म्हणते. बेळगाव, बिदर, आदिलाबादकडच्या मराठी घरांत तर प्रश्नपत्रिका एका भाषेतली आणि दुखणे दुसऱ्या भाषेतले, असा प्रसंग येतो. मधल्या फटीतून जो रोग निसटतो, तो कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. ही फट बुजवणे डॉक्टरांच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही. स्त्रियांच्या तोंडचे दुखण्याचे शब्द गावोगाव गोळा करावेत, त्यांचे कोश करावेत आणि पाहणी करणाऱ्यांच्या हाती द्यावेत, हे काम भाषेच्या उपासकांचे आहे.

'काही नाही, असंच' हे उत्तर आपल्या घरात किती वेळा ऐकले, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. ते उत्तर देणारी जोवर पुढच्या प्रश्नाला पात्र ठरत नाही, तोवर तिची गणना झाली असे म्हणता येणार नाही. आणि गणनाच झाली नाही, तर तुलना कशाची करायची?